काळीवरचं घर

श्रावणात मागचं दार लागेनासं होतं आणि चैत्रात त्याच चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरपी भेग चढते. वैजापुरात घरं बांधायला लागल्यापासून ही तक्रार माझ्या पाठीशी आहे.

गाव पांढरीत आणि शेत काळीत, ही जुन्या लोकांची वाटणी उगाच नव्हती. आता गाव पसरलं आणि एन.ए. प्लॉट थेट कपाशीच्या रानात पडले. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आक्रसते. एप्रिलमध्ये रानातल्या भेगेत हात घाला, कोपरापर्यंत जातो. अशी माती घर दरवर्षी उचलते आणि पुन्हा खाली सोडते. सगळं घर सारखं उचललं असतं तर चाललंही असतं!

सुरुवातीला माझं उत्तर ठरलेलं होतं: सळई वाढवा. एका घराच्या जोत्याला मी भरभक्कम बीम दिला. दुसऱ्याच पावसाळ्यानंतर मागचा कोपरा तडकला. घरच्या वहिनींनी मुलाची पट्टी भेगेत खोचून दाखवली. मी नकाशा उलगडून बसलो, तोवर मिस्त्री मामा घरामागे जाऊन मोरीच्या पाइपाशी उकिडवे बसले होते. सांडपाणी बारा महिने पायाशी मुरत होतं. "साहेब, एक कोपरा पितोय न् तीन उपाशी." पाइप लांब काढला, भिंतीलगत मुरूम कुटून बाहेरच्या उताराची फरशी केली आणि भेग बुजवली. ती पुन्हा उघडली नाही. माझ्या नकाशात त्या पाइपाची रेघसुद्धा नव्हती.

स्थापत्यातली कल्पकता म्हटलं की लोकांना वांद्रे-वरळीचा सेतू आठवतो. असेना. मला नांदूर-मधमेश्वरच्या कालव्याच्या काठी उभं राहिलं की आय.आय.टी. मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी आठवतात. काळ्या मातीतून कालवा नेला की खालची माती फुगून अस्तर फोडते. कट्टींनी पाहिलं, की फुगवटा वरच्या साधारण मीटरभरातच असतो. त्याखाली तीच माती भिजूनही जागची हलत नाही. मग वरचा मीटरभर काढून तिथे चिकट पण न फुगणारी माती दाबून भरली तर? आमच्याकडे हे काम बहुधा मुरूमच करतो. वाळू चालत नाही. तिला चिकटपणा नाही, वर ती पाणी खाली पोचवते. मातीचं औषध मातीतच शोधणं मला कुठल्याही उंच मनोऱ्यापेक्षा मोठं वाटतं. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काढलेले, बुडाशी घंटेसारखे फुगीर पाइलही उत्तमच, पण ते वापरायचे की नाही हे खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा प्लॉट बघायला दिवाळीत नका जाऊ. मे महिन्यात जा, भेगा बघा, एक खड्डा घ्या आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते मोजा. दरवाजा कुठल्या दिशेला ठेवायचा, ते नंतर बोलू.