उचल

तमासगिराचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि बुद्धपौर्णिमेच्या आसपास संपतं. मधले सात-आठ महिने तो रस्त्यावर असतो आणि पावसाळ्याचे चार महिने उचलीवर जगतो. उचल म्हणजे पुढच्या हंगामाच्या पगारापोटी फडमालकाकडून आधीच घेतलेला पैसा. आषाढात घरात दाणा नसतो, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च असतो, नाहीतर कुणाचं दुखणं असतं. मग मालकाकडं जायचं, वहीत आकडा लिहायचा, रेव्हेन्यू तिकिटावर सही करायची. आमच्या फडात साक्षीला घरच्या बाईचीही सही घेत. हंगाम संपल्यावर हिशेब झाला की बहुतेकांच्या अंगावर थोडी बाकी राहतेच. ती पुढच्या उचलीत धरायची. १९९५ च्या दसऱ्याला मी पहिल्यांदा फडाबरोबर निघालो, तेव्हा माझी उचल तीन हजार होती. त्यानंतर एकाही दसऱ्याला मी मोकळा निघालो नाही.

तमाशात दोन तऱ्हा. संगीत बारीवाले थिएटरात बसतात, लोक त्यांच्याकडं येतात. आमचा ढोलकी फड. आम्ही लोकांकडं जातो. अख्ख्या फडाला वाद्याचं नाव, म्हणजे ढोलकीवाल्याचा केवढा मान असेल, असं ऐकणाऱ्याला वाटतं. मान होता, नाही कसा? पण पगाराच्या यादीत आधी बाया, मग सोंगाड्या, मग सरदार, आणि त्यांच्याखाली आम्ही.

ढोलकी मी वस्तादांकडं शिकलो. संगमनेर तालुक्यात आमचं गाव, आणि वस्ताद आमच्याच आळीतले, नात्यानं चुलत आजोबा. पहिलं वर्षभर त्यांनी मला एक बोल वाजवू दिला नाही. नुसती चढवायची आणि उतरवायची. मी कुरकुर केली की म्हणायचे, "आरं, वाजवणारं लई हायती. चढवणारा एखांदाच आसतो."

ज्यांनी ढोलकी लांबूनच पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. माझी ढोलकी शिसवीची. खोड आतून कोरून पोकळ केलेलं, दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं. उजवीकडची पुडी लहान, तिच्यावर काळी शाई. तिचा आवाज टणक आणि उंच. डावीकडची मोठी, तिला लेप आतून, ती घुमते. दोन्ही पुड्या सुती दोरीनं एकमेकींना ताणलेल्या आणि दोरीत कड्या. कडी सरकवली की दोरी ताणते आणि पुडी चढते. गाणाऱ्या बाईचा सूर काळी चार असला तर शाईची पुडी बरोबर तिथंच बोलली पाहिजे. पेटीवाला सूर धरून बसतो आणि आपण कान लावून एकेक कडी सरकवत राहतो. आता नटबोल्टच्या ढोलक्या आल्यात, पान्यानं पिळल्या की झालं. त्याही मी वाजवल्या. लवकर लागतात, यात वाद नाही. पण दोरीच्या ढोलकीला हवा कळते आणि ती हवा आपल्याला सांगते.

पौषात दव पडायचं. रात्री नऊला सुरात चढवलेली ढोलकी अकराला भिजल्या वाकळेसारखी ढब ढब करायची. चैत्रात उलटं. दुपारी ट्रकात तापून कातडं इतकं ताणायचं, की उतरवायला विसरलं तर पुडी फाटलीच. म्हणून ढोलकी मी कधी सामानाच्या ट्रकात टाकली नाही. त्या ट्रकात तंबू, खांब, जनरेटर, पेट्या, आणि वर माणसं. मी माणसांच्या गाडीत बसायचो आणि ढोलकी गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्यायचो. एका बाईचं तान्हं पोर शेजारी असायचं. ती म्हणायची, "दादा, माझं खाली झोपलंय आन् तुमचं मांडीवर!"

हलगीची कथा निराळी. तिला दोरी नाही, कड्या नाहीत, ती शेकायचीच. रंगमंचामागं उसाच्या पाचटाचा जाळ करून आमचा हलगीवाला बसायचा. मीही ढोलकीची डावी बाजू लांबून उबेला धरायचो. शाईची बाजू मात्र कधीच नाही. धग लागली की शाई तडकते, आणि नवी पुडी म्हणजे पुन्हा उचल.

खेळाची सुरुवात आमच्यापासून. पडदा वर जायचा आणि मी न् हलगीवाला समोरासमोर. त्यानं एक तोडा टाकायचा, मी तो उचलून पुढं न्यायचा, त्यानं तो मोडून परत द्यायचा. माझ्या पहिल्या काही हंगामांत हे वीस-वीस मिनिटं चालायचं. कनातीबाहेर घुटमळणारे लोक ते ऐकून तिकीट काढायचे. आमची जाहिरात तीच. मग गण, गवळण, बतावणी, आणि सगळ्यात शेवटी वग. जुने मालक वग पहाटेपर्यंत ताणत. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी. गावोगावी त्याची अंमलबजावणी कमी-जास्त, पण केव्हा शिट्टी वाजेल याचा भरवसा गेला. वेळ कापायचा तर कुठं कापायचा? बायांची गाणी कापली तर लोक खुर्च्या फेकतात. आमची वीस मिनिटं पाचावर आली.

जत्रांचे दिवस फार दमवणारे. गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथं येतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. पंच लोक खाटेवर बसून मालकिणीला विचारतात, बाया किती, गाडी किती, लायटिंग कसं. ढोलकीवाला कोण, हे विचारणारा म्हातारा पंच मला शेवटचा २००६-०७ च्या सुमाराला भेटला. एकदा सुपाऱ्या लागल्या की रोज नवं गाव. रात्री खेळ, सकाळी देवळापुढं हजेरी, दुपारी गाडी, संध्याकाळी पुन्हा तंबू. झोप मिळाली तर शाळेच्या व्हरांड्यात. थंडीत बोटांची टोकं फुटायची, त्यांवर चिकटपट्टी गुंडाळून वाजवायचो. उन्हाळ्यात घामानं पट्टी निघायची, मग पावडर लावायची. माझ्या उजव्या तर्जनीचं कातडं आजही टाचेसारखं आहे.

ऑक्टोपॅड आमच्या फडात आला तेव्हा तो वाजवायला एक कॉलेज सोडलेला मुलगा आला. रोलंड कंपनीचं यंत्र, आठ पॅड. एका पॅडवर ढोल, एकावर टाळी, एकावर कसलातरी स्फोट. सिनेमाची गाणी लोकांना हुबेहूब पाहिजे असतात, ती त्यानं हुबेहूब दिली. पगार माझ्या दीडपट. मला राग आला, पण यंत्राचा नाही. ऑक्टोपॅड दवात उतरत नाही, उन्हात फुटत नाही, फडाबरोबर फिरायला त्याच्यासारखा सोबती नाही. मालकिणीनं मला नीट सांगितलं, "वस्ताद, तुम्हाला काढत न्हाय मी. पण लोकं काय मागत्यात ते तुमीच बघताय." ती खोटं बोलत नव्हती. तिनंही कुणाकडून तरी व्याजानं पैसा उचललेला असायचा. उचल वरपासून खालपर्यंत साखळीसारखी होती.

एका जत्रेत जनरेटर बंद पडला. कीबोर्ड गप्प, ऑक्टोपॅड गप्प. हलगीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं आणि आम्ही दोघांनी अंधारातच सुरुवात केली. अशा गोष्टी ऐकल्यावर पुढं काय झालं असेल हे माणूस आधीच ठरवून टाकतो. तसं काही झालं नाही. लोक "लाइट, लाइट" म्हणून ओरडले. दहा मिनिटांनी जनरेटर चालू झाला, गाणं सुरू झालं, शिट्ट्या पडल्या. तो मुलगा मात्र त्या दहा मिनिटांत मागून झांज वाजवत होता, आणि लयीत होता. त्या रात्रीनंतर तो माझ्याकडं बसायला लागला. दोन हंगामांत चढवायला शिकला.

२०२० साली माझा पंचविसावा हंगाम होता. राहुट्या लागल्या होत्या, सुपाऱ्या ठरत होत्या. मार्चमध्ये जत्रा रद्द व्हायला लागल्या. पंच येऊन इसार परत मागू लागले. पाडवा २५ मार्चला होता, आणि त्याच दिवशी देश बंद झाला. ज्या दिवसाची आम्ही वर्षभर वाट बघतो नेमका तोच. माझ्या अंगावर तेव्हा ४० हजार उचल होती. आदल्या पावसाळ्यात थोरल्या मुलीचं लग्न केलं होतं. पैसे खर्च झाले होते. फेडायचे खेळ पुढं होते, ते झालेच नाहीत. नारायणगावाहून आमचं गाव साठ-पासष्ट किलोमीटर. एसटी बंद. भाजीच्या टेम्पोवाल्यानं मला न् हलगीवाल्याला क्रेटांच्या मागं बसवून आणलं.

तो उन्हाळा मी कांदा काढणीला गेलो. आमच्याकडं तेव्हा उन्हाळी कांदा निघतो, आणि मजूर मिळत नव्हते म्हणून रोजही बरा होता. कांद्याची पात विळ्यानं कापायची. पहिल्या दिवशी मंडळींनी माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. रानातल्या बायका हसल्या, "ह्यास्नी बोटाचं लई कवतिक." मी काही बोललो नाही. कापलं असतं तर टाके घालून बोट बरं झालं असतं. पण शाईवर ते पुन्हा तसं पडलं असतं का, ते मला माहीत होतं. पुढचं वर्षही तसंच गेलं. ढोलकी आडव्या खांबाला टांगलेली. दर आठ दिवसांनी काढायची, पुसायची, थोडी चढवायची, पुन्हा उतरवून टांगायची. वाजवायची नाही, शेजारी मयत झालेली घरं होती.

फड पुन्हा निघाले तेव्हा मालकिणीनं निरोप धाडला. मी गेलो. जुनी बाकी तिनं निम्मी सोडली. का सोडली, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उरलेली मी दोन हंगाम वाजवून फेडली. ते दोन्ही हंगाम नवी उचल घेतली नाही. घर मंडळींच्या रोजावर चाललं. माझ्या जागी आता तोच ऑक्टोपॅडवाला मुलगा ढोलकी उभी वाजवतो, आणि त्याच्या यंत्रावर दुसराच कोणी.

आता मी संगमनेरात एका नृत्यवर्गात वाजवायला जातो. शाळा-कॉलेजातल्या मुली लावणी शिकायला येतात. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळचे दोन तास. मुलींचे पाय अजून कच्चे आहेत. तोडा संपायच्या आतच थांबतात, मग मला परत मागं यावं लागतं. पण पंखा आहे, छप्पर आहे, आणि पुडी एकदा चढवली की सात वाजेपर्यंत हलत नाही. महिना झाल्यावर बाईंनी पाकिटात पैसे घालून दिले. झालेल्या कामाचे, काम झाल्यावर. मी ते घरी आणून मंडळींच्या हातात दिलं. तिनं नोटा मोजल्या, पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "आन् सही कुठं करायची?"