बुडालेले खोरे आणि बंद ड्रायव्हर

या धाग्यात आजवर ताम्रपट, बखरी आणि महसुली दप्तरे पाहिली. आजचे साधन थोडे अनोळखी आहे: लिनक्सवरील ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर.

कोयनानगरच्या धरणामागे शिवसागर पसरला आणि खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली. त्यांतले एक माझ्या आजीचे. लघुप्रबंधासाठी मला त्या खोऱ्याचे मूळ उंचसखल रूप हवे आहे. २००० साली अवकाशयानातून झालेल्या एसआरटीएम मापनात ते मिळत नाही, कारण रडारला पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, तळ नव्हे. म्हणून धरणापूर्वीच्या नकाशांवरील समोच्चरेषा क्यूजीआयएसमध्ये गिरवायच्या आणि ब्लेंडरमध्ये त्यांतून डोंगर-दऱ्या उभ्या करायच्या.

हे चित्रण एनव्हिडियाच्या कार्डावर करायचे तर क्यूडा लागते, आणि त्यासाठी कंपनीचाच ड्रायव्हर हवा. लिनक्सच्या गाभ्यात ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर आहे. कंपनीची कागदपत्रे हाती नसताना, कार्ड कसे वागते ते टिपून टिपून तो रचला गेला. बाराखडी न शिकता मोडी लावण्यासारखेच हे काम! २०१४च्या सुमारास आलेल्या कार्डांपासून मात्र कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरखेरीज कार्डाचा वेग वाढवता येईना. २०१२ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी या कंपनीला जाहीरपणे हासडलेली शिवी प्रसिद्धच आहे. मे २०२२मध्ये कंपनीने गाभ्यातील मोड्यूलचा कोड खुला केला. क्यूडासह वरचा थर बंदच राहिला.

आपल्याकडेही हा पेच आहे. क्रे महासंगणक मिळण्यात अमेरिकेचे अडथळे आले, तेव्हा पुण्यात सी-डॅकने १९९१मध्ये ‘परम ८०००’ घडवला. त्याच संस्थेचा २०२०चा ‘परम सिद्धी-एआय’ एनव्हिडियाच्या कार्डांवर उभा आहे. मला यात पराभव दिसत नाही, परावलंबन दिसते.

उबुंटूवरील कृती छोटी आहे. ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये शिफारस केलेली आवृत्ती निवडावी. सिक्युअर बूट चालू असून मोड्यूल डीकेएमएसमार्गे बसत असेल, तर एक पासवर्ड ठरवावा लागतो. संगणक पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच द्यायचा. तिथे घाईने ‘कंटिन्यू’ दाबले, तर गाभा तो मोड्यूल स्वीकारत नाही. पुढे गाभा बदलला की डीकेएमएस मोड्यूल नव्याने बांधते.

माझ्या नकाशातील प्रत्येक रेषेचा आधार मी दाखवू शकते. चित्र रंगवणारा हा थर मात्र कोणालाच उघडून दाखवता येत नाही. म्हणून तळटिपेत ड्रायव्हरची आवृत्ती लिहिते आणि काही चित्रे नुसत्या प्रोसेसरवर काढून ताडून पाहते. त्यात रात्र जाते. आजीच्या गावाजवळचे नदीचे वळण दोन्हींत जुळले आहे. घर त्यात सापडणार नाही. त्या प्रमाणाच्या नकाशात अख्खे गावठाण नखाएवढे.