मूळ गाव

लोणावळ्यात आमच्या आजूबाजूची घरं कार्ल्याच्या एकवीरेला जातात. आमच्या देव्हाऱ्यात मात्र कराडजवळच्या पालच्या खंडोबाचा टाक. म्हणजे आपण मूळचे मावळातले नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुठले, ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं. "घाटात सुरुंग लावायला आले," एवढंच आजी सांगायची.

बोरघाटाचं रेल्वेकाम 1856 ते 1863 चाललं. 1861 मध्ये 42 हजार मजूर त्यावर होते. पटकीनं किती मेले याला गणती नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथं येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, ठेका पुरा करून दाखवला. ही नावं पुस्तकांत सापडतात. सुरुंगवाल्याचं कोण लिहिणार?

2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जो तो कोतवाल बुकाबद्दल, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीबद्दल, बोलू लागला. तेव्हा मीही तालुक्याला, वडगाव मावळला, खेपा घातल्या. आमची जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही, फेरफार नाही. कोतवाल बुकात मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी खापरपणजोबांचा मृत्यू काढून दिला: नाव, जात, आजार ताप. कुठून आले, तो रकानाच नव्हता. सरकारला माणूस मेल्याशी मतलब.

उत्तर मिळालं नाशिकला. वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो होतो. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गावांवर लावलेल्या असतात. मी लोणावळा म्हटलं. गुरुजींनी वही चाळून मान हलवली. मग टाकाचं सांगितलं. "मग कराड-पाटणकडचे असाल," म्हणत त्यांनी दुसऱ्याकडे धाडलं. तिथं पाटण तालुक्यातल्या एका गावाखाली आमचं आडनाव, पणजोबा, त्यांचे भाऊ, बापाचं नाव आणि पुढं "हल्ली मुक्काम लोणावळे". सही नाही, अंगठा.

त्या गावीही जाऊन आलो. भावकी आहे, चहापाणी झालं. पण घाटात कोणी गेल्याचं तिथं कुणाच्या ऐकिवात नाही. वहीत नाव आहे, मला तेवढं पुरे.

तुम्ही नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला जाणार असाल, तर आडनावासोबत कुलदैवतही विचारून जा. आणि गुरुजींनी वही पुढं केली की आपली आजची माहिती नीट लिहा, घरातल्या बायका-मुलींच्या नावांसकट.