पुरवठादाराच्या पेटीतला रेडिओ

महाराष्ट्रातील शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावांतही, घरचे इंटरनेट बहुतांशी प्रकाशतंतूतून म्हणजे फायबरच्या बारीक तारेतून येते, आणि ही तार जिथे संपते तिथे भिंतीवर किंवा टीव्हीच्या कपाटात पुरवठादाराने दिलेली एक पेटी बसवलेली असते. तिला बोलण्यात मोडेम, राउटर किंवा नुसते ‘वाय-फायचा डबा’ म्हटले जाते. तांत्रिक परिभाषेत ती ओएनटी, म्हणजे ऑप्टिकल नेटवर्क टर्मिनल, असते. या एका पेटीत तीन वेगवेगळी यंत्रे नांदतात. पहिले यंत्र प्रकाशाचे विजेच्या संकेतांत आणि विजेच्या संकेतांचे प्रकाशात रूपांतर करते. जीपॉन या सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश घराकडे येतो आणि १३१० नॅनोमीटरचा प्रकाश त्याच तारेतून उलट जातो. दुसरे यंत्र राउटरचे, जे घरातील प्रत्येक उपकरणाला अंतर्गत पत्ता देऊन बाहेरच्या एकाच पत्त्यामागे सर्वांची वाहतूक चालवते. तिसरे यंत्र वाय-फायचा रेडिओ, म्हणजे तारेतून आलेली माहिती हवेत सोडणारा आणि हवेतून ग्रहण करणारा प्रक्षेपक. पहिल्या यंत्राची पुरवठादाराकडे नोंद झालेली असल्याने ग्राहकाला ते परस्पर बदलता येत नाही. तिसरे यंत्र मात्र इतर दोघांना धक्का न लावता पूर्णपणे बंद करता येते, आणि घरात स्वतंत्र राउटर किंवा मेश संच बसवलेला असेल तर ते बंद करायलाच हवे, हे येथील प्रतिपादन आहे.

याचे कारण हवेतील जागेच्या मर्यादेत आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ २०१८ मध्ये खुले झाले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद असून त्यात एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनेल, म्हणजे १, ६ आणि ११, बसतात. वाय-फायचा शिरस्ता असा आहे की एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे, आणि बोलण्यापूर्वी प्रत्येकाने कानोसा घेऊन हवा मोकळी असल्याची खात्री करायची; त्यामुळे एका चॅनेलवरचे सर्व रेडिओ, मग ते कोणत्याही घरातले असोत, एकाच वेळेचे वाटेकरी होतात. ज्या रेडिओला कोणीही जोडलेले नाही तोही गप्प बसत नाही. आपले नाव, वेग आणि सुरक्षेचा प्रकार सांगणारा ‘बीकन’ नावाचा छोटा संदेश तो दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा वेळा, प्रसारित करतो, आणि जुन्यातल्या जुन्या उपकरणालाही तो समजावा म्हणून २.४ गिगाहर्ट्झवर तो बहुधा सेकंदाला १ मेगाबिट इतक्या सर्वांत मंद वेगाने पाठवला जातो. बीकन ३०० बाइटचा धरला तर त्याला अडीच मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, म्हणजे एकही चित्रफीत न पाहता, एकही संदेश न पाठवता त्या चॅनेलवरचा सुमारे अडीच टक्के वेळ एका नावापोटी खर्ची पडतो. पाहुण्यांसाठी वेगळे नाव ठेवले असेल तर त्याचा बीकन वेगळा. ठाण्यात किंवा पिंपरीत चार फ्लॅटच्या मजल्यावर अशी दहा नावे एकाच चॅनेलवर ऐकू येणे मुळीच दुर्मिळ नाही, आणि तिथे पाव वेळ नुसत्या नामघोषात जातो. निरुपयोगी रेडिओ बंद करणे हे म्हणूनच स्वतःच्या सोयीइतकेच शेजारधर्माचेही काम आहे.

खुद्द घरात दोन रेडिओंचा त्रास आणखी ठळकपणे जाणवतो. पुरवठादाराची पेटी दाराजवळ, नवा राउटर मधल्या खोलीत आणि दोन्हींचे पासवर्ड फोनमध्ये साठवलेले अशी स्थिती असेल, तर बाहेरून आलेला फोन आधी दाराजवळच्या पेटीला चिकटतो आणि आतल्या खोलीत गेल्यावर रेंज एका रेघेवर आली तरी तिला सोडत नाही, कारण कोणत्या रेडिओशी जोडून राहायचे हा निर्णय मुख्यतः फोनचा असतो, राउटरचा नव्हे. नवा राउटर घेऊनही नेट रखडते या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा एवढीच गोष्ट असते. शिवाय जुन्या पेटीला जोडलेला लॅपटॉप आणि नव्या राउटरला जोडलेला प्रिंटर अंतर्गत पत्त्यांच्या दोन वेगळ्या वस्त्यांत राहतात आणि एकमेकांना सापडत नाहीत.

बंद करण्याची कृती अवघड नाही, पण तिच्यातील शब्द फसवे आहेत. संगणक किंवा लॅपटॉप लॅन केबलने पेटीला जोडावा, कारण जी फांदी तोडायची तिच्यावरच बसून हे काम करू नये. मग पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्याच घराण्यातला, ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करावे. वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन या नावाच्या पानावर अनेक ओएनटींमध्ये तीन वेगवेगळ्या खुणा आढळतात: संपूर्ण रेडिओ चालू ठेवणारी ‘एनेबल डब्ल्यूलॅन’, विशिष्ट नावाचे जाळे चालू ठेवणारी ‘एनेबल एसएसआयडी’ आणि ते नाव जाहीर करणारी ‘ब्रॉडकास्ट एसएसआयडी’. अनेकजण तिसरी खूण काढतात, फोनच्या यादीतून नाव नाहीसे झालेले पाहतात आणि वाय-फाय बंद झाले असे समजतात; प्रत्यक्षात रेडिओ पूर्वीइतकेच बीकन पाठवत राहतो, फक्त त्यातील नावाची जागा रिकामी असते. काढायची आहे ती पहिली खूण, आणि तीही दोनदा, कारण २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ वेगळे असून त्यांची पाने बहुधा वेगळी असतात. काही पेट्यांच्या कडेला वाय-फायचे बटणही असते व ते काही क्षण दाबून धरल्यास हेच काम होते. अँटेना काढून टाकणे किंवा पेटीला अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळणे हे उपाय मात्र निषिद्ध मानावेत. पहिल्याने रेडिओ चालूच राहतो आणि दुसऱ्याने पेटी तापते.

पेटी ‘ब्रिज मोड’मध्ये टाकली, म्हणजे तिचे राउटरचे काम थांबवून ते नव्या राउटरकडे सोपवले, की वाय-फाय आपोआप बंद होते, हाही एक पक्का रुजलेला गैरसमज आहे. ब्रिज मोड दुसऱ्या यंत्राशी संबंधित आहे, तिसऱ्याशी नाही. कित्येक पेट्यांत तो चालू केल्यावरही जुने नाव हवेत राहते, आणि त्याला जोडलेल्या फोनवर वाय-फायचे चिन्ह दिसूनही इंटरनेट मिळत नाही. म्हणून खात्री करून घ्यावी ती आसपासच्या रेडिओंचे भौतिक पत्ते दाखवणाऱ्या एखाद्या वाय-फाय अॅनालायझर अॅपने: पेटीच्या पट्टीवर छापलेल्या मॅक पत्त्याशी जवळजवळ जुळणारा, शेवटचा एखादा अंकच वेगळा असलेला पत्ता यादीत दिसत असेल, तर नाव दिसो वा न दिसो, रेडिओ जिवंत आहे.

रेडिओ बंद करण्याआधी घरात त्याच्यावर कोण कोण विसंबून आहे हे पाहणे आवश्यक आहे. पुरवठादाराने दिलेला सेट-टॉप बॉक्स पुष्कळ ठिकाणी वाय-फायवर चालतो, त्याला लॅन केबल द्यावी लागते. सीसीटीव्ही कॅमेरे आणि स्मार्ट प्लग तर बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ जाणतात आणि त्यांची जोडणी नव्याने करणे किचकट असते. सर्वांत सोपा मार्ग असा की जुन्या पेटीचा रेडिओ आधी बंद करून नव्या राउटरला तेच नाव, तोच पासवर्ड आणि सुरक्षेचा तोच प्रकार द्यावा, म्हणजे ही उपकरणे बदल लक्षात न येताच नव्या राउटरला जोडली जातात.

सुरक्षेचा विचार येथे गौण नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना पोहोचलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका अमेरिकन रहिवाशाच्या घरच्या जोडणीपर्यंत गेला होता, आणि त्याच वर्षी अशा आणखी ई-मेलसाठी माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे व चेंबूरमधील एका कंपनीचे वाय-फाय वापरले गेल्याचे तपासात आढळले. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता जोडणीच्या मालकाचा असतो, त्यामुळे विस्मरणात गेलेला, वर्षानुवर्षे तोच पासवर्ड वापरणारा दुसरा रेडिओ म्हणजे कोणाचेही लक्ष नसलेले प्रवेशद्वार ठरतो. आरोग्याच्या भीतीने रेडिओ बंद करू पाहणाऱ्यांचे समाधान मात्र आकड्यांनीच करणे योग्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘संभाव्य’ कर्करोगकारकांच्या २बी गटात ठेवले, हे खरे. परंतु १०० मिलिवॅटचा प्रक्षेपक सर्व दिशांना सारखाच विखुरतो असे धरल्यास एका मीटरवर चौरस मीटरमागे सुमारे ०.००८ वॅट शक्ती पोहोचते, आणि सामान्य जनतेसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा या पट्ट्यात १० वॅट, म्हणजे तिच्या हजारपटीहून अधिक, आहे. भीती हे रेडिओ बंद करण्याचे सबळ कारण ठरत नाही.

उरतो प्रश्न पेटीवरील अधिकाराचा. टीआर-०६९ या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीने पुरवठादार आपल्या केंद्रातून पेटीच्या सेटिंग वाचू आणि बदलू शकतो; दुरुस्तीसाठी ही सोय उपयोगी असली तरी ती दुधारी आहे, कारण जर्मनीत नोव्हेंबर २०१६ मध्ये दूरव्यवस्थापनासाठी राखलेल्या ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर हल्ला झाला तेव्हा डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांच्या सेवेत व्यत्यय आला होता. दूरव्यवस्थापनाच्या याच मार्गाने पुरवठादाराकडून नवी प्रणाली पाठवली गेली, किंवा तंत्रज्ञाने पेटी रीसेट केली, की ग्राहकाने बंद केलेला रेडिओ मूळच्या नावाने आणि पट्टीवरच्या पासवर्डने पुन्हा चालू होऊ शकतो. काही पुरवठादार तर हे पानच ग्राहकापासून लपवतात. पेटी त्यांच्या मालकीची असली तरी घराच्या हवेत काय प्रक्षेपित व्हावे हे ठरवण्याचा हक्क घरात राहणाऱ्याचा आहे, आणि तो बजावायला साधे, उघड बटण मिळालेच पाहिजे. ते नसेल तर ग्राहक सेवेकडे ‘दोन्ही रेडिओ बंद करावेत’ अशी लेखी विनंती करून तक्रार क्रमांक घ्यावा. ‘वाय-फाय बंद करा’ एवढेच म्हटले तर पुष्कळदा फक्त नाव लपवून तक्रार निकाली काढली जाते, म्हणून ‘दोन्ही रेडिओ’ हे शब्द विनंतीत असावेत, आणि पेटी बदलली किंवा तंत्रज्ञ येऊन गेला की अॅपवर मॅक पत्त्यांची यादी पुन्हा एकदा तपासावी.