बक्षिसी

देण्याघेण्याचे जितके प्रकार मनुष्यानें निर्माण केले आहेत, त्यांत बक्षिसी देण्याइतका अवघड प्रकार दुसरा नसावा. कर्ज फेडतांना आंकडा ठरलेला असतो. वर्गणी देतांना शेजाऱ्याचा आंकडा पाहावयास मिळतो. आहेर करतांना तर जुनी वही उघडून 'त्यांनीं आपल्याकडे काय केलें होतें' हें पाहण्याची सोय वडील मंडळींनीं करूनच ठेवली आहे. पण सुटींत चार दिवस थंड हवेच्या ठिकाणीं राहून निघण्याची वेळ आली, सामान बाहेर गेलें, आणि दाराशीं तीन-चार हंसरे चेहरे उभे दिसले, म्हणजे चांगला सुशिक्षित मनुष्यहि खिशांत हात घालून घुटमळूं लागतो. किती द्यावें, कोणाला द्यावें, सर्वांदेखत द्यावें कीं मुठींत दाबावें, याचें शिक्षण त्याला कोणत्याहि विद्यालयांत मिळालेलें नसतें.

ही चाल आमच्याकडे अगदींच परकी आहे असें नव्हे. दिवाळीची पोस्त आम्ही लहानपणापासून पाहत आलों आहों. पाडव्याच्या सुमारास पोस्टमन, झाडूवाला, गुरखा असे एकेक दाराशीं येत. गेल्या वर्षीं काय दिलें होतें तें देणाऱ्यालाहि पाठ असे आणि घेणाऱ्यालाहि. त्यांत अवघडलेपण नव्हतें, कारण दोघांनाहि पुढें वर्षभर एकमेकांचें तोंड पाहावयाचें असे. हॉटेलांतील टीप मात्र अशा दोन माणसांमधील व्यवहार आहे कीं, ज्यांची पुन्हां गांठ पडण्याचा संभव फारसा नाहीं. आमचे एक मित्र अर्थशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या शास्त्राला हेंच कोडें पडलें आहे. काम होऊन गेलें, चहा पिऊन झाला, पुन्हां येणें नाहीं. मग शहाणा मनुष्य वर पैसे ठेवतो कशासाठीं? "लाजेसाठीं," असें ते म्हणतात. आणि त्यांच्या शास्त्रांतील बऱ्याच सिद्धांतांप्रमाणें हाहि निम्मा खरा आहे.

या लाजेचा व्यापार अठराव्या शतकांत इंग्लंडांत फार माजला होता. कोणाच्या घरीं जेवावयास जावें, तर निघतांना त्या घरचे नोकर दाराशीं ओळीनें उभे. 'व्हेल्स' नांवाच्या या बक्षिसीपायीं बेताच्या मिळकतीच्या पाहुण्याला मेजवानीचें आमंत्रण स्वीकारणेंहि परवडेना. जोनास हॅन्वे नांवाच्या गृहस्थानें १७६० च्या सुमारास तिच्याविरुद्ध लेखणी उचलली. (लंडनच्या रस्त्यांतून छत्री घेऊन हिंडणाऱ्या पहिल्या पुरुषांपैकीं एक म्हणून त्याची ख्याति अधिक आहे. लोकांचें हंसें अंगवळणीं पडलेल्या माणसानेंच असला विषय हातीं घ्यावा, हें योग्यच झालें.) अमेरिकेंत गोष्ट याच्याहि पुढें गेली. टिपा मिळणाऱ्या नोकराला मालकानें तासाला अवघे २.१३ डॉलर दिले, तरी टिपा धरून किमान वेतन पुरें होत असल्यास तेथील मध्यवर्ती कायद्याला तें चालतें. आणि हा आंकडा १९९१ पासून जागचा हललेला नाहीं. म्हणजे पगार देण्याचें मालकाचें काम गिऱ्हाइकाच्या लहरीवर सोंपविलेलें! ज्याच्या पोटाची व्यवस्था दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याच्या हंसण्यांत आनंद किती आणि धास्ती किती, हें ओळखणें कठीण.

आमच्याकडील कांहीं हॉटेलवाल्यांनीं निराळी युक्ति काढली. बिलांतच सेवाशुल्काची एक ओळ घालून ते मोकळे झाले. असें शुल्क परस्पर जोडूं नये, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं ठरविलें, आणि २८ मार्च २०२५ रोजीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें तें उचलून धरलें. आम्हांला हा निर्णय पसंत आहे. तथापि त्यामुळें बडीशेपेची बशी पुन्हां आमच्याच पुढें येऊन बसली, हेंहि विसरतां येत नाहीं. त्या बशींत आपण जें ठेवतों तें पोहोंचतें कोठें? वाढणाऱ्याच्या हातीं, फार तर त्याच्या मार्फत टेबल पुसणाऱ्या पोऱ्याच्या हातीं. आंत मोरीवर भांडीं घासणारा कोणाला दिसत नाहीं. हल्लीं खिशांत रोकड नसल्यामुळें पुष्कळ लोक गल्ल्यावरील चौकटीकडे मोबाइल धरूनच टीप देतात. ती तर मालकाच्या खात्यांतच जाते. बक्षिसीला डोळे असतात, पण ते फार जवळचें पाहतात, असें आमचें मत होऊन बसलें आहे.

तें मत बनविण्याचें श्रेय माथेरानला आहे. तेथें मोटारी दस्तुरी नाक्यापाशीं अडतात. पुढें तांबड्या मातीच्या वाटेनें पायीं जावें किंवा घोडा करावा. सामान हमालाच्या डोक्यावर. दर वर्षीं त्या नाक्यावर एक देखावा आम्ही पाहतों. चार दिवसांच्या खोलीला चार आंकडी भाडें बिनतक्रार भरून आलेले गृहस्थ, दोन पेट्या डोक्यावर आणि एक काखेंत घेऊन अर्धा-पाऊण तास चढणाऱ्या माणसाशीं वीस रुपयांसाठीं हुज्जत घालीत असतात. "लुटतात हो हे लोक!" असें आमच्याकडे वळून म्हणतातहि. आणि तेच गृहस्थ हॉटेलाशीं पोहोंचल्यावर, कांचेचें दार उघडून सलाम करणाऱ्याच्या हातावर शंभराची नोट ठेवून मोकळे होतात. दार उघडण्याला त्याला पळभरहि लागलेला नसतो. पण त्याच्या अंगावर पितळी गुंड्यांचा कोट असतो आणि हमालाच्या अंगावर घाम असतो. एकाला दिलें ती उदारता ठरते. दुसऱ्याला दिलें तर फसगत!

त्याच गांवीं एका सुटींत आमच्या कुटुंबाची शंभराची एक नोट आरशाखालच्या फळीवर राहून गेली. संध्याकाळीं फिरून आलों तों नोट जागच्या जागीं. पण तिच्याखालची फळी पुसलेली होती. दुसऱ्या दिवशींहि तोच प्रकार. खोली झाडणाऱ्या बाई खालच्या वाडींतून रोज सकाळीं डोंगर चढून येत. कुटुंबानें त्यांना म्हटलें, "बाई, ती नोट तुम्ही घेतली असती तरी चाललें असतें." त्या म्हणाल्या, "खोलीतलं पडलेलं आपलं नसतं, ताई. उद्या कुणाचं काही हरवलं, तर पहिलं नाव आमचंच येतं. हातात द्या, मग घेते."

त्या उत्तरानें आमचा एक आवडता बेत ढांसळला. न दिसणाऱ्याला न दिसतां द्यावें, उशीवर नोट ठेवून निघून जावें, हें आम्हांला फार सुंदर वाटत असे. पण ज्याला हें सौंदर्य परवडत नाहीं, त्याच्या माथीं तें मारण्यांत अर्थ काय? तेव्हांपासून आम्ही सकाळीं झाडू दाराशीं वाजेपर्यंत खोलींतच थांबतों आणि त्या त्या दिवसाचे पन्नास-शंभर रुपये त्या त्या दिवशींच हातीं देतों. कारण पाळ्या बदलतात, आणि निघण्याच्या दिवशीं दाराशीं हंसत उभा असणारा मनुष्य चार दिवस चादरी बदलणारा असेलच असें नाहीं. उशीवर ठेवणें भागच पडलें, तर 'खोली साफ करणाऱ्यासाठीं' अशी चिठ्ठी सोबत लिहावी. तेवढी शाई आळापासून एखाद्याला वांचविते. हमालाशीं हुज्जत नाहीं. दस्तुरीला ठरलें असेल त्याच्यावर कांहीं घालावें, आणि प्रथम पाणी विचारावें.

आमच्या अर्थशास्त्री मित्रांना हें सर्व आम्हीं गेल्या उन्हाळ्यांत, त्याच हॉटेलांत जेवतांना, सविस्तर समजावून सांगितलें. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें, बिलाचे बरोबर दहा टक्के मनांतल्या मनांत काढले, ते बशींत ठेवले, आणि बडीशेप मात्र सगळी स्वतः खाल्ली.