मोखाड्याचा बोहाडा

ठाणे जिल्ह्यातली म्हणून आपल्या परिचयाची जव्हार-मोखाडा ही गावं १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेली. तरी डोंबिवली-कल्याणच्या आपल्यासारख्यांना ती काही परकी नाहीत. कसारा लोकलने शेवटपर्यंत जायचं, पुढे खोडाळ्याचा रस्ता धरायचा, की आलंच मोखाडा!

होळीनंतर, पावसाळ्याआधी, या भागातल्या गावोगावी बोहाडा होतो. मोखाड्याचा बोहाडा जगदंबेच्या उत्सवातला. रात्री जेवणं आटोपली की संबळ-पिपाणी सुरू होते आणि टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग नाचत येतं. आधी गणपती, मग शारदा, पुढे रामायण-महाभारतातले देव आणि राक्षस. मुखवटे लाकडाचे, नाही तर कागदाच्या लगद्याचे. दोन्हीकडे माणसं दाटीवाटीने बसतात आणि मधल्या वाटेने सोंग पुढे-मागे नाचतं. शेवटी देवी महिषासुराला मारते. देवीचं सोंगही पुरुषच घेतात हं!

आफ्रिकेत नायजेरिया-बेनिनकडे योरुबा लोकांचा 'एगुनगुन' असतो. त्यात पूर्वज येतात म्हणून नाचणाऱ्याचं सारं अंग झाकलेलं. आत कोण, ते उघड बोलायचं नाही. इथे मात्र आत कोण ते सगळ्यांना ठाऊक. तरीही मुखवटा चढला की तो देव! माणसं हात जोडतात.

बरीच सोंगं घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आलेली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या घरी भीमाचं सोंग होतं. मी डोंबिवलीची म्हटल्यावर त्या हसल्या. "आमी तिकडंच असतो की, कल्यानजवळ, भट्टीवर. इटा पाडतो." बोहाड्यासाठी मालकाकडून वरती उचल घेऊन दोघं दोन दिवसांसाठी आली होती. ती पावसाळ्यापर्यंत कामातून फिटायची.

"एवढं कर्ज कशाला?" मी विचारलंच.

"औंदा सोडलं तं सोंग भाऊबंदांत जाईल. मंग पोराला काय सांगू, आपलं काय व्हतं?"

यावर मी काय बोलणार? तेवढ्यात भीम आला आणि त्या पदर सावरून उभ्या राहिल्या.

मैत्रिणींनो, जरूर जा. शाल, पाणी, विजेरी जवळ ठेवा. फोटो विचारूनच काढा आणि आरतीच्या ताटात सढळ हाताने टाका. आपल्या इमारतींच्या विटा ज्या हातांनी पाडल्या, त्यांच्या घरी देव कसा येतो, ते एकदा पाहून यायला हवं.