भुऱ्याच्या दाढा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा आम्ही शाळेच्या इतिहासावर काही लिहावे अशीच त्यांची अपेक्षा असावी. इतिहासाच्या शिक्षकाकडून ती गैरही नाही. परंतु ते काम आमच्याहून ज्येष्ठ मंडळी अधिक अधिकाराने करतील. आम्ही लिहीत आहोत ते एका सशाविषयी. अलीकडच्या पालकांना भुऱ्या ठाऊक आहे. जुन्या विद्यार्थ्यांसाठी एवढेच सांगतो की, दहावीच्या एका तुकडीने निरोप समारंभात भिंतीवरचे घड्याळ न देता हा ससा शाळेला दिला, आणि ठेवायला दुसरी जागा नसल्याने तो आमच्या निवासाच्या पडवीत राहू लागला. त्याला चार वर्षे झाली.

वसतिगृहातील प्रत्येक मूल भुऱ्याला काही ना काही भरवीत असे. सकाळच्या पोळीचा तुकडा, चहातले बिस्कीट, भिजवलेले हरभरे. आम्हीही भरवीत होतो. ज्या घरांत भाकरी मोजून वाढली जात होती, त्या घरांतून आम्ही आलो. आपल्या हातचे कोणी खाते आहे, हे पाहण्यात आम्हांला फार सुख वाटते. गवतही असे, पण ते आठवण झाली तर. शशजातकाची गोष्ट आम्ही दरवर्षी मुलांना सांगतो. त्या गोष्टीतील ससा पहिला विचार हाच करतो की, माझ्यापाशी आहे ते गवत, आणि गवत काही माणसाला वाढता येत नाही. त्या सशाला जे उमगले, त्याची उलट बाजू आम्हांला चार वर्षांत उमगली नाही.

गेल्या वर्षी अशोक विजयादशमीनंतर भुऱ्याची हनुवटी ओली दिसू लागली. पाणी पिताना भिजली असेल, असे वाटले. मग पोळी तोंडात धरून तो ती खाली टाकू लागला. लेंड्या बारीक झाल्या. गावात जनावरे पाहणाऱ्या एकांकडे नेले. त्यांनी पुढचे पटाशीचे दात वाढले आहेत असे सांगून, नखे कापायच्या कात्रीने ते छाटून दिले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. गायीम्हशींत आयुष्य गेलेल्या माणसाकडे सशाचे दात कुठून येणार? पण त्या कात्रीने एक दात उभा चिरला, आणि भुऱ्याने खाणे पुरते सोडले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही पुण्याला निघालो. मांडीवर टोपली, टोपलीत भुऱ्या.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी कान तपासायच्या यंत्राने त्याच्या तोंडात पाहिले आणि आम्हांलाही पाहायला लावले. सशाला २८ दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. पटाशीचे दात तर आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर. वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी दोन इवलेसे दात लपलेले असतात. उंदीर-खारींच्या कृंतक वर्गातून सशाला वेगळे काढणारी ही एक मोठी खूण आहे. गवत चावताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासून झिजतात. पोळी नि बिस्कीट तसे चावावे लागत नाही. मग दाढांच्या कडांना काट्यांसारखी टोके फुटतात. वरच्या दाढांची गालात रुततात, खालच्यांची जिभेत. भुऱ्याच्या जिभेच्या डाव्या कडेला जखम होती. पुढचे दात वाढले होते ते दुखणे नव्हते, दुखण्याची खूण होती. आमच्या विषयातही कारण आणि खूण यांची गल्लत नेहमी होते, पण तो विषय येथे नको.

डॉक्टरबाईंनी कवटीचा एक्स-रे काढला. आम्ही सवयीने विचारले, उपाशी ठेवायचे ना? त्या म्हणाल्या, "नाही. सशाला उलटी होतच नाही, आणि त्याचे आतडे रिकामे राहिले तर तेच थांबते. भूल द्यायच्या आधीही त्याला खाऊ द्यायचे असते." भूल देऊन त्यांनी दाढांची टोके यंत्राने घासली, चिरलेला दात सारखा केला आणि एक रात्र स्वतःकडे ठेवून घेतले. साडेसहा हजार रुपये झाले. ते आम्ही आमच्या पगारातून दिले. हा खुलासा कोणी मागितलेला नाही, तरी नोंदवून ठेवतो.

खरे काम परतल्यावर सुरू झाले. भुऱ्याचे वजन २ किलोवरून १ किलो ६४० ग्रॅमवर आले होते. तयार खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून त्यांची पातळ पेज करायची आणि सुई नसलेल्या सिरिंजने दर तीन तासांनी १२ मिलिलिटर भरवायची. रात्रीसुद्धा. अंगाला टॉवेल गुंडाळायचा, पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तिथून बाजूने थेंब थेंब सोडायचे. समोरून जोराने ढकलले तर पेज फुप्फुसात जाते. डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट तीनदा बजावली होती: माणसांची प्रतिजैविके मनाने द्यायची नाहीत. अमॉक्सिसिलिनसारखे साधे औषध तोंडावाटे गेले, तरी सशाच्या आतड्यातील उपयोगी जंतू मरून तो दगावू शकतो. आमच्या कपाटातील तो पत्ता आम्ही त्याच दिवशी उचलून वर ठेवला.

दिवाळीची सुट्टी लागली होती. वसतिगृहात उरली होती ती ज्यांचे आईवडील उसाच्या फडावर गेले होते किंवा जाणार होते ती मुले. त्यांतील चौघांनी पाळ्या लावून घेतल्या. आमच्या सहचारिणींनी पेज करण्याचे काम स्वतःकडे घेतले, आणि आम्ही एक वही आखून दिली. साधन अस्सल असावे, नोंद घटनेच्या वेळीच व्हावी, हे वर्गात कितीदा सांगितले असेल. ते पाळलेले प्रथमच पाहिले. आठवीतल्या अक्षरात लिहिले आहे: "रात्री २.१०. ८ मिली घेतले. बाकी माझ्या शर्टावर." पहिल्या रात्री लेंडीच्या रकान्यात सगळीकडे शून्य आहे. आतडे चालू झाल्याची खूण तीच, आणि ती येत नव्हती. पोट हलके चोळायचे, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवायची, आणि वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दारावर थाप पडली. "सर, चार!" एवढेच तो मुलगा म्हणाला. चौघेही जागे होते. मिरीएवढ्या चार लेंड्या कागदावर मांडून ठेवल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी भुऱ्याने कोथिंबिरीची काडी स्वतःहून ओढली, आणि आम्ही वेदनाशामक थांबवले. सांगितले होते पाच दिवस. बरा दिसतो आहे, मग उगाच औषध कशाला, असा आमचा शहाणपणा. संध्याकाळपर्यंत तो कोपऱ्यात पाठ वाकवून बसला, डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजत होते. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. शिकार होणारा प्राणी दुखणे लपवतो, तो दाखवू लागेपर्यंत थांबायचे नसते, एवढे म्हणाल्या. औषध पुन्हा सुरू केले.

दुसऱ्या दिवशी पाळीच्या मुलांपैकी एकाची आई भेटायला आली. संध्याकाळी टोळीची गाडी निघणार होती. मुलाला मांडीवर टॉवेलातला ससा घेऊन बसलेला पाहून ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "सर, एक इचारू का? राग नका मानू. सशाचे दात दाखवायला तुम्ही पुण्याला गेलात. ह्याची दाढ शिमग्यापासून दुखतीया. तुम्हाला बोलला नाही का?"

तो बोलला नव्हता. आम्ही विचारलेही नव्हते. शिमग्यापासून म्हणजे सात-साडेसात महिने. त्यांतील सुट्टी वगळता तो मुलगा रोज आमच्या समोर जेवला होता. आम्ही त्याच्याकडे पाहिले, तर तो सिरिंज धुवायला उठून गेला. त्या माउलीला आम्ही काही उत्तर दिले नाही, कारण नव्हते. पैसे आमचे होते, हे म्हणणे खरे असूनही त्या क्षणी बोलण्यासारखे नव्हते. तिनेही उत्तराची वाट पाहिली नाही. टोपलीतले गवत हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाली, "हे कुबट झालंय. हे खाऊन काय बरा व्हायचा?" ओढ्याकडे जाऊन तासाभराने ती पवना आणि मारवेल यांचा भारा घेऊन आली, पडवीच्या पत्र्यावर पातळ पसरून दिला, कसा उलटायचा ते मुलाला दाखवले, आणि गाडीला गेली.

सोमवारी आम्ही त्या मुलाला तालुक्याच्या दंतवैद्यांकडे नेले. दाढ काढावी लागली; भरून वाचवण्याची वेळ निघून गेली होती. सुट्टी संपल्यावर वसतिगृहातील सर्व मुलांचे दात तपासून घेतले. एकवीस मुलांच्या किडक्या दाढा निघाल्या. त्यांतील सहा जणांनी दुखते असे कोणालाही सांगितलेले नव्हते.

भुऱ्या नवव्या दिवशी सिरिंजला तोंड फिरवून पवना खाऊ लागला. महिन्याभरात वजन १ किलो ९०० ग्रॅम झाले. दाढांची टोके पुन्हा येतात, म्हणून काही महिन्यांनी तपासणी करावी लागते. दोनदा झाली, दुसऱ्या वेळी घासण्याची गरज पडली नाही. पोळी-बिस्कीट पूर्ण बंद आहे. पालकांनी भेटीला येताना आणलेला खाऊ त्याला देऊ नये, ही विनंती पडवीच्या खांबावर लिहून लावली आहे. मूठभर वाळलेले गवत मात्र आणावे.

ती वही अजून चालू आहे. पुढून भुऱ्याच्या नोंदी आहेत. मागच्या पानापासून उलट्या बाजूने मुलांची नावे आहेत, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही प्रत्येकाला तोंड उघडायला लावतो.